रिकाम्या गाडीचं वजन

एकतीस वर्षं मी काट्यावर होतो,
पिसुर्ल्याच्या खाणीवर, टपरीएवढ्या केबिनमध्ये,
लाल झालेल्या बोटांनी पावत्या फाडत.
भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा केली
की उरतं ते खनिज.
एवढं एकच गणित मला येतं.
शेअरही मी त्यावरच घेतो.

सकाळी नऊला साखळीच्या बाजारात
कोपऱ्यातलं टेबल आमचं.
भाजी-पाव, चहा, आणि चार फोन उताणे.
कायतान मिरांडा बावीस वर्षं तेलाच्या जहाजांवर होता,
त्याच्याकडे फक्त तेल.
कुठल्या सामुद्रधुनीत काय अडलं
हे त्याला स्वतःच्या रक्तदाबाआधी कळतं.
सुलक्षाबाई मळीक भूगोल शिकवायच्या,
वार्षिक अहवाल शेवटच्या पानापासून वाचतात.
"तळटीपा बघा," म्हणतात,
"नदी काय वाहून आणते ते मुखाशी कळतं."
आणि फोंडू च्यारी. तो काहीच घेत नाही,
फक्त म्हणतो, काल घ्यायला हवा होता.

माझ्याकडे तीनशे चाळीस.
कंपनी तीच, जिनं पगार दिला
आणि बंदीच्या साली एका शुक्रवारी
फाटकाला कुलूप घातलं.
भाव घसरत घसरत दोन पोयांच्या किमतीला आला
तेव्हा मी घेतले.
टेबल हसलं. बायको हसली नाही.
डोंगराच्या पोटात काय आहे
ते मी टनाटनानं लिहून घेतलं होतं,
कुणाच्या सल्ल्याची गरज नव्हती.

मग बरीच वर्षं काहीच नाही.
खाणीचा खड्डा पाण्यानं भरला, हिरवागार,
त्यावर खंड्या येऊन बसायला लागला.
पाळीतल्या आमच्या विहिरीचं पाणी वर आलं,
सात हात दोर पुरे व्हायचा,
उरलेला मी रहाटाच्या खांबाला गुंडाळून ठेवला.
बायकोनं मिरीचे वेल लावले.
आंब्याची पानं पुसावी लागेनात.

यंदा चवथ सरली आणि बातमी आली,
लिलाव, परवाना, नवा मालक, जुनंच नाव.
"निम्मे विका," सुलक्षाबाई.
"थांब रे," कायतान.
"काल," फोंडू.
त्या रात्री खड्ड्यावर पंप सुरू झाले,
लांब कुणीतरी घसा खाकरतंय
आणि बोलत काहीच नाही, तसे.

काट्यावरची एक जुनी वही होती घरात.
डावीकडे भाव लिहायचो, उजवीकडे दोर.
सोमवारी एकशे बारा. आठ हात.
गुरुवारी एकशे एकतीस. साडेनऊ.
शनिवारी बाजार बंद. विहीर बंद नव्हती, अकरा.
पुढल्या मंगळवारी एकशे अठ्ठावन्न,
आणि कळशी तळाला घासून
गढूळ, लालसर, अर्धी वर आली.
दोन्ही रकाने माझ्याच अक्षरात,
वळणदार, खाडाखोड नसलेले.
साहेबांना माझं अक्षर आवडायचं.

बायको बोलली नाही काही.
ती कळशी आणून तिनं
माझ्या फोनशेजारी ठेवली.

टँकर मागवला.
तेल चढलं होतं त्या आठवड्यात,
म्हणून टँकरवाल्यानं दीडशे जास्त घेतले.
टेबलावर सांगितलं तर कायतान ओशाळला,
त्याचे शेअर चांगले वाढले होते.
चहाचे पैसे त्यानं दिले,
पोया वर बांधून दिल्या घरी न्यायला.

दोनशे विकले मी.
एकशे चाळीस ठेवलेत. का, ते विचारू नका,
फोंडूनं विचारलं तेव्हाही
मी पावाकडे बघत राहिलो.

रात्री वहीत तिसरा रकाना आखला.
परसातला वजनकाटा आणला,
तोच, सुपारी मोजायचा.
रिकामी कळशी: दोन किलो तीनशे.
भरल्या कळशीची जागा
कोरी ठेवली आहे.